मुंबईची खंडणी कोणी थांबवली?

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या आमच्या बाजारपेठांचे मुंबईशी जुने नाते आहे. आपला भाजीपाला तिकडे जातो, दुकानातला माल तिकडून येतो. म्हणून मुंबईत गुन्हेगारी वाढली काय किंवा घटली काय, तो आपल्याही गल्ल्याचा प्रश्न आहे. १९९७ साली कॅसेट उद्योगातील गुलशन कुमार यांचा भररस्त्यात खून झाला, तेव्हा व्यापारी वर्ग हादरून गेला होता. आज तशी टोळीयुद्धे आणि खंडणीचे गोळीबार क्वचितच ऐकू येतात. हे कशामुळे घडले?

पोलिसांच्या चकमकींमुळे, असे सर्रास सांगितले जाते. आम्हांस हे पटत नाही. २००६ च्या लखनभैया प्रकरणातील चकमक बनावट ठरली आणि २०१३ साली १३ पोलिसांना जन्मठेप झाली. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२०० हून अधिक खून झाले होते, २०१८ साली ३०० हून कमी झाले. तिथे कोणी चकमकींचा धडाका लावला नव्हता. तिथल्या घसरणीची कारणे कोणती, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. मग मुंबईचे श्रेय एकट्या बंदुकीला कसे द्यावे?

दुसरे कारण बाजाराचे. सोने नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला, १९९२ पासून अनिवासी भारतीयांना जकात भरून सोने आणता येऊ लागले. तस्करीतला नफा आटला. परंतु त्याच दशकात टोळ्या बिल्डर आणि सिनेमावाल्यांच्या मागे लागल्या. म्हणजे हेही कारण एकटे पुरे पडत नाही. १९९९ च्या मोक्का कायद्याने जामीन अवघड केला आणि टोळीला मदत करणाराही कचाट्यात आला. आमच्या मते त्याचा वाटा चकमकींहून मोठा आहे.

तिसरी गोष्ट विश्वासाची. १९७० आणि १९८४ साली दंगलीत होरपळलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. दंगल आणि खंडणी वेगळ्या, हे मान्य. पण चौकीची पायरी चढण्याची भीती गेली की दोन्हींवर वचक बसतो.

आणखी एक. खून लपत नाही, खंडणी मात्र लपते. तक्रारच झाली नाही, तर कागदावर शहर सुरक्षितच दिसणार. तक्रार कोण करत नाही? ज्याची बिले कच्ची आणि वही दुहेरी, तो. खंडणीखोर नेमका त्यालाच हेरतो, कारण त्याचे तोंड बांधलेले असते.

तेव्हा आमचे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगणे आहे: पक्के बिल ठेवा, हुंडी-हवाल्यापासून दूर राहा, धमकी आली तर एकट्याने तडजोड न करता बाजारातील चार जणांना घेऊन लेखी तक्रार द्या आणि तिची पोच मागा. आता चोर फोनवरून ओटीपी मागतो, त्यालाही हाच नियम लावा. हलाल कमाईचा हिशेब साफ असला, की तिच्या रक्षणासाठी कायद्याचे दार वाजवताना मान खाली घालावी लागत नाही.