कृपया शांतता राखा

बँकेच्या ज्या शाखेत माझी नोकरी झाली, तिथं काउंटरवर एक पाटी होती : 'कृपया शांतता राखा'. पेन्शनच्या दिवशी तिच्याकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. मला मात्र ती पाहिली की रविवारची उपासना आठवायची. आमच्या पाळकसाहेबांच्या तोंडचे दोन्ही शब्द तिच्यात होते, कृपा आणि शांती. फक्त पार वाळून गेलेले.

ही जोडी ख्रिस्ताचा प्रेषित पौल याची. त्याच्या काळातली ग्रीक पत्रं 'खायरेइन' या शब्दानं सुरू व्हायची. आपल्या 'सा. न. वि. वि.'सारखा ठरलेला मायना. पौलानं त्या जागी कानाला जवळचाच 'खारिस' घातला, म्हणजे कृपा, आणि शेजारी ज्यू लोकांचा शालोम, म्हणजे शांती, आणून बसवला. (नगरकडं आम्ही ख्रिस्ती माणसं भेटलो की 'सलाम' म्हणतो, तो या शालोमचाच अरबी भाऊ.) बायबलच्या नव्या करारात पौलाच्या नावावर १३ पत्रं आहेत. सगळ्यांच्या मायन्यात हे शब्द आहेत आणि क्रम कुठंच बदललेला नाही : आधी कृपा, मग शांती. यातलं एक पत्र ज्यांना गेलं, त्या गलतीकरांवर तर तो इतका भडकला होता, की एरवी मायन्यामागून येणारे आभारसुद्धा त्यानं गाळले. मायना तेवढा राहिला.

आपण हा क्रम उलटा लावतो. आधी सगळं गप्प झालं पाहिजे, कृपेचं नंतर बघू.

धाकट्या भावाशी माझा वडिलांच्या घरातल्या भिंतीवरून तंटा झाला. भिंत दीड फूट माझ्याकडं सरकली होती, असं मी आजही म्हणतो. चार जाणत्यांनी बसवून स्टॅम्पपेपरवर सह्या घेतल्या : यापुढं कुणाची तक्रार नाही. त्यानंतर ११ वर्षं दर रविवारी चर्चच्या फाटकात आम्ही एकमेकांना सलाम केला आणि पुढं एक शब्द बोललो नाही. बँकेत याला राइट-ऑफ म्हणतात. बुडीत कर्ज ताळेबंदातून काढायचं, वसुली मात्र सोडायची नाही. लोकांना ती माफी वाटते. कर्जखात्यात हयात घालवलेल्या मला तरी फरक कळायला हवा होता.

पौलाचं सगळ्यात छोटं पत्र हिशेबाचंच आहे. कैदेतून त्यानं ते फिलेमोनाला लिहिलं. फिलेमोनाचा गुलाम ओनेसिम धन्यापासून तुटून पौलाकडं आला होता. पौल त्याला परत धाडतो आणि कळवतो, याला भाऊ म्हणून घे, याच्याकडून काही येणं असेल तर ते माझ्या नावे मांड. गुलामगिरीच्या प्रथेविरुद्ध तो थेट काही बोलत नाही, हे मला खटकतं. पण येणं नव्हतंच, असंही तो म्हणत नाही. रक्कम तशीच राहते, खातं बदलतं. कुणाच्या तरी खिशाला चाट बसतेच.

दोन वर्षांपूर्वी बायकोचं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशी. पहिल्याच रात्री पुतण्या वॉर्डात आला, काखेत चादर, हातात डबा. स्टूल ओढून बसला. म्हणाला, "काका, तुम्ही घरी जाऊन पडा." असा तो नऊ रात्री आला. त्याला बापानं पाठवलं का, हे मी विचारलं नाही. आभारही मानता आले नाहीत. कुणाचं फुकट घेतलं नाही, हा माझा जन्माचा तोरा. त्यामुळं घ्यायचं कसं तेच येत नव्हतं. ग्रेसच्या मार्कांवर दहावी सुटलेलं पोर पेढे वाटताना नजर चुकवतं, तसा मी रोज तो डबा घ्यायचो. आत भावजयीच्या हातची मुगाची खिचडी, आजाऱ्यासाठी मीठ बेतानं घातलेली. क्षमा करण्यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत, घेण्यावर फारच थोडी. देणाऱ्याचा हात वर असतो, त्यामुळं ते जमतं.

डिस्चार्जच्या दिवशी मी पाकीट काढून पुतण्याला विचारलं, "पेट्रोलचे किती झाले?"

तो हसला. "बाबांना विचारा."

संध्याकाळी गेलो, त्याच भिंतीला वळसा घालून. भावानं दार उघडलं. सलाम म्हणायचं दोघांचंही राहून गेलं.