घरभाडे हा वेतनाचाच प्रश्न

लातूर-नांदेडकडचा किंवा जळगाव-बुलढाण्याकडचा आयटीआय झालेला तरुण चाकणला येतो तेव्हा त्याच्या मनात दोन आकडे असतात. एक गावाकडच्या कमाईचा, दुसरा कंत्राटदाराने कबूल केलेल्या पगाराचा. या दोहोंतील तफावत हा आपला लाभ, असे तो धरून चालतो. त्याचा हा हिशेब चुकीचा नसला तरी अपुरा आहे. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे किंवा कुरुळी येथे खोली शोधू लागताच तिसरा आकडा पुढे येतो, तो भाड्याचा.

समजा, गावी दहा हजार रुपये मिळत होते व येथे सोळा हजार मिळू लागले. गावी राहते घर स्वतःचे होते. येथे एका खोलीला पाच हजार धरले, त्यावर डिपॉझिट, विजेचे बिल, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची वर्गणी आणि पाळीला जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे धरले, तर वाढीव सहा हजारांतले काहीच उरत नाही. म्हणून तो बायकामुलांना आणत नाही. ‘कॉट बेसिस’वर चौघापाचजणांत एका खोलीत राहतो आणि घरी पैसे पाठवतो. त्याची बचत ही कुटुंबापासूनच्या ताटातुटीची किंमत आहे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

कारखाने आले की पगार येतो आणि पगारामागोमाग भाडे चढते. या खोल्यांचे मालक बव्हंशी गावकरीच आहेत. ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या, त्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर खोल्या बांधल्या. तेच आता त्यांचे पेन्शन. कामगाराचा राग त्यांच्यावर वळवणे सोपे आहे, पण त्याने मूळ प्रश्नाला हातही लागत नाही.

मूळ प्रश्न असा, की कामगाराच्या निवाऱ्याचा खर्च कोणी सोसावा? एके काळी याचे उत्तर शासनाला ठाऊक होते. १९५४ मध्ये पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सने कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही बांधली. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनात अन्नवस्त्राबरोबर घरभाड्याचाही समावेश केला. औद्योगिक कामगारांना परवडतील अशी घरे व्हावीत म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आज निगडीत ‘प्राधिकरण’ म्हटले की डोळ्यांपुढे बंगले व मध्यमवर्गीय सोसायट्या येतात, आणि ज्या संस्थेचे ते नाव, ती २०२१ मध्ये विसर्जित झाली. पिंपरीच्या कामगाराला निदान रेल्वे तरी होती. १९७८ पासून धावणाऱ्या पुणे-लोणावळा लोकलमुळे तळेगाव-देहूरोडला स्वस्तात राहून पासावर कामाला येता येई. चाकणला रेल्वे स्थानकच नाही. तेथे स्वस्त घर म्हणजे तळेगाव चौकातल्या वाहनांच्या रांगेत रोजचे दोन तास.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. महाराष्ट्राच्या १९८३ च्या किमान घरभाडे भत्ता कायद्याने वेतनाच्या पाच टक्के किंवा वीस रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक ती ठरवली. सोळा हजारांवर हे होतात आठशे. वेतन संहितेच्या २०२० मधील केंद्रीय मसुदा नियमांनी अन्नवस्त्राच्या खर्चाच्या दहा टक्के इतकेच घरभाडे धरले. उलट, औद्योगिक कामगारांसाठी खुद्द केंद्र सरकार जो ग्राहक किंमत निर्देशांक काढते, त्याच्या २०१६ च्या मालिकेत घराचा भार १६.८७ टक्के, अन्नाचा ३९.१७ व कपडे-पादत्राणांचा ६.०८ आहे. म्हणजे अन्नवस्त्रावर शंभर रुपये जातात तेव्हा घरावर सुमारे सदतीस जातात. खर्च मोजताना सदतीस आणि वेतन ठरवताना दहा! हा मेळ कोणत्या गणिताने बसतो, ते श्रम मंत्रालयाने सांगावे.

भाडे भरण्यापेक्षा हप्ता भरून फ्लॅट घ्यावा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. कायम कामगाराच्या बाबतीत त्यात तथ्य असेलही. पण कर्ज वीस वर्षांचे असते आणि कंत्राट काही महिन्यांचे. बजाज ऑटोने आकुर्डीतील उत्पादन २००७ मध्ये थांबवले. कारखाना हलू शकतो, फ्लॅट हलत नाही. घराची मालकी कामगाराला एका जागी जखडते व त्याची सौदाशक्ती घटवते, हे एंगल्सने १८७२ मध्येच दाखवून दिले होते.

तेव्हा चाकण पट्ट्यातील संघटनांनी घरभाडे हा किरकोळ भत्ता मानणे सोडावे. मागणीपत्रकात महागाई भत्त्याशेजारी प्रत्यक्ष भाड्याशी जोडलेला घरभाडे भत्ता असावा आणि तो कंत्राटी व प्रशिक्षणार्थी कामगारांनाही लागू व्हावा. औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांना भूखंड देताना भाड्याच्या घरांसाठी जमीन राखून ठेवावी, ती लिलावात काढू नये. यासाठी पुरावा हवा, आणि तो मंत्रालयातून येणार नाही. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या खोल्यांचे भाडे, डिपॉझिट, पाण्याचा खर्च आणि राहणाऱ्याचा हातात पडणारा पगार यांच्या नोंदी वह्यांत उतरवण्याचे काम येत्या उन्हाळ्यातच, टँकर सुरू होण्याच्या सुमारास, हाती घ्यावे.