शस्त्रक्रियेनंतरचें घर

घरांत कोणावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली कीं आप्तेष्ट 'आतां धीर धरा' असें सांगून जातात. उपदेश खोटा नाहीं; परंतु धीर धरणें म्हणजे नेमकें करावयाचें काय, हें सांगावयास कोणी थांबत नाहीं. आमच्या मतें, आजारी माणसाची घरांतील जागा त्याची त्याला परत देणें, हेंच त्यांतील मुख्य काम होय.

स्वरयंत्राच्या कर्करोगाचें उदाहरण घेऊं. या रोगासाठीं संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया बिलरोथ यांनीं व्हिएन्ना येथें १८७३ सालीं केली. परळ येथें १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलांतून असे रोगी आज गांवोगांवीं परततात. त्यांचा श्वास गळ्यावर केलेल्या छिद्रांतून चालतो. स्नानाचें पाणी त्यांत जाऊं द्यावयाचें नाहीं, धुळीपासून तें विरळ कापडानें झांकावयाचें. आणि कधीं श्वास थांबल्यास कृत्रिम श्वास तोंडांत नव्हे, त्या छिद्रांतच द्यावयाचा, हें घरांतील मोठ्या मुलांसही ठाऊक असावें.

इतकें कुटुंबें लवकर शिकतात. न बोलणाऱ्या वडिलांशीं वागावें कसें, हें मात्र शिकत नाहींत. वडील पाटीवर अर्धें वाक्य लिहितात तोंच दुसरा कोणी तें पुरें करितो. शेताचा खंड, मुलीचें स्थळ, दुकानदाराची उधारी यांचा निर्णय शेजारच्या खोलींत होतो. त्यांना त्रास पडूं नये एवढाच हेतु. परंतु कर्ता पुरुष आपल्याच घरीं पाहुणा होऊन बसतो. तंबाखूचा दोष काढणारे नातलगही असतात. तंबाखू या रोगाचें एक मोठें कारण आहे यांत संशय नाहीं, व ती घरांतून गेलीच पाहिजे. पण झाल्या गोष्टीची रोज आठवण देणें हा कांहीं औषधोपचार नव्हे.

आवाज पुष्कळदां नव्या रीतीनें परत मिळतो. कोणी अन्ननलिकेंत हवा घेऊन ती बाहेर सोडतांना बोलावयास शिकतात, कोणी विजेचें यंत्र गळ्यास लावितात, कोणास श्वासनलिका व अन्ननलिका यांमध्यें बसविलेल्या लहानशा झडपेचा उपयोग होतो. तो आवाज घोगरा असतो व लहान मुलें प्रथम भितात. त्यांस दटावूं नये, कारण समजावून सांगावें. या अभ्यासास आठवडे, कधीं महिने लागतात, आणि ऐकणारा मिळाल्यावांचून तो होत नाहीं. ऐकणारी नेहमीं आईच कां असावी? तिला रात्रीचें जागरण असतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं सायंकाळचा अर्धा तास आपल्याकडे घ्यावा, वर्तमानपत्रांतील मजकुरावर वडिलांचें मत विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. प्रगतिपुस्तकावरील सहीही त्यांचीच आणावी, काकांची नव्हे.