उपकाराचा निधी की हक्काचा?

ब्रिटनमध्ये डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टांच्या व्यवसायात एक धर्मादाय मदतनिधी चालतो. दीर्घ आजार, अपघात, घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू किंवा अकस्मात आलेली बेकारी यांमुळे ज्यांचा संसार कोलमडला, अशा व्यवसायबंधूंना व त्यांच्या कुटुंबीयांना हा निधी हात देतो. त्या देशात ही परंपरा जुनी आहे. डॉक्टरांसाठीचा असाच निधी १८३६ साली स्थापन झाला व तो अद्याप चालू आहे. प्रथमदर्शनी यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही. तरीही समाजवादी कार्यकर्त्याने येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे: ज्या देशाने १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा उभारली, त्याच देशात आरोग्यसेवा देणाऱ्यावरच मदतीसाठी अर्ज करण्याची पाळी का यावी?

सुशिक्षित, पांढरपेशा माणसाला कसली आली विपन्नावस्था, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. ही समजूत चुकीची आहे. तेथील पुष्कळ ऑप्टोमेट्रिस्ट आज या दुकानात, उद्या त्या दुकानात असे रोजाच्या बोलीने काम करतात. कायद्याच्या दृष्टीने ते ‘स्वयंरोजगारी’; म्हणून नोकरदाराला मिळणारे आजारपणाचे वैधानिक वेतन त्यांना नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी दाम नाही, हा नियम त्यांना आणि आपल्या नाक्यावरच्या मजुराला सारखाच लागू आहे. २०२० साली महामारीत नेहमीची नेत्रतपासणी बंद झाली तेव्हा सरकारने स्वयंरोजगारींना साहाय्य दिले खरे. परंतु नुकतेच स्वतंत्र काम सुरू केलेल्यांना त्यातून वगळले. पदवी भिंतीवर टांगलेली राहिली आणि चूल मात्र विझू लागली, असा हा अनुभव.

ही अवस्था दैवाने आणलेली नाही, धोरणाने आणलेली आहे. राष्ट्रीय आरोग्यसेवेचा शिल्पकार अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील ट्रेडेगार गावचा खाणकामगार. त्या गावी कामगारांनी आपल्या वेतनातून दर पौंडामागे काही पेन्स बाजूला काढून वैद्यकीय साहाय्यसंस्था चालविली होती. वर्गणी कामगारांची, कारभार कामगारांचा आणि औषधोपचार हा सभासदाचा हक्क. बेव्हनने तेच तत्त्व साऱ्या देशाला लागू केले. पुढे १९५१ साली शस्त्रसज्जतेच्या खर्चासाठी चष्मे आणि कृत्रिम दातांवर शुल्क बसविण्याचे मजूर सरकारने ठरविले, तेव्हा त्याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस त्या काळी अनेकांना हटवादी वाटला. परंतु भिंतीला पडलेले पहिले छिद्र त्याला दिसले होते. १९८४ च्या कायद्याने चष्मेविक्री नोंदणीकृत व्यावसायिकांच्या बाहेर खुली केली. १९८९ मध्ये थॅचर सरकारने सरसकट मोफत नेत्रतपासणी बंद केली. स्कॉटलंडने ती २००६ मध्ये पुन्हा सुरू केली, यावरून तो निर्णय अपरिहार्य नव्हता हे सिद्धच झाले. सेवेचा बाजार झाला की सेवकाचाही माल होतो, आणि न खपलेल्या मालासाठी मग धर्मादाय निधी लागतो.

म्हणून अशा निधीची टवाळी करावी काय? मुळीच नाही. आज ज्याच्या घरी भाडे थकले आहे त्याला क्रांतीची तारीख सांगून चालत नाही. आपल्या व्यवसायबंधूसाठी खिशात हात घालणे ही बंधुभावाचीच एक रीत आहे. मात्र तिच्या मर्यादा स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा ही की, मदत मागणाऱ्याला आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते. १९३१ नंतर ब्रिटनमधील बेकारांच्या घरात शिरून मिळकतीची झडती घेणाऱ्या चौकशीविरुद्ध तेथील कामगार चळवळ त्वेषाने लढली, ती याच मानहानीसाठी. दुसरी मर्यादा अशी की, देणगी देणाऱ्याच्या इच्छेवर निधीचे आयुष्य अवलंबून राहते. आणि संकट सर्वांवर एकदम येते तेव्हा देणारे आटतात व मागणारे वाढतात. तिसरी व सर्वांत महत्त्वाची ही की, ज्यांच्या श्रमावर चष्म्यांच्या साखळी-दुकानांचा नफा उभा आहे, त्यांच्या हलाखीची जबाबदारी मालकाकडून सरकून सहकाऱ्यांच्या दयाबुद्धीवर येते.

आता आपल्याकडे वळू. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपण १९७६ साली सुरू केला. मोतीबिंदूच्या लक्षावधी शस्त्रक्रिया झाल्या, त्यामागे शल्यविशारदांच्या बरोबरीने नेत्रचिकित्सा सहायकांचे कष्ट आहेत. गावोगावच्या शिबिरांत आणि शाळांत डोळे तपासणारी ही माणसे. त्यांतील अनेकजण कंत्राटावर आहेत. चष्म्याच्या दुकानांत काम करणारे तर त्याहूनही निराधार. भविष्य निर्वाह निधीसाठी किमान २० कामगारांची अट आहे, राज्य कामगार विम्यासाठी १० ची. दोन-तीन माणसांचे दुकान या दोहोंच्या बाहेरच राहते. २०२१ च्या कायद्याने ऑप्टोमेट्रिस्ट व नेत्रचिकित्सा सहायक यांना व्यावसायिक म्हणून मान्यता मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण हा कायदा शिक्षण, दर्जा आणि नोंदणी यांविषयीचा आहे. आजारपणातील आधार वा म्हातारपणाची भाकर हा त्याचा विषय नव्हे.

यावर ठराविक उत्तर मिळते: ज्याला एक मालक नाही, त्याला सामाजिक सुरक्षा देणार कशी? महाराष्ट्राने तरी हे विचारू नये. माथाडी कामगाराला कुठे एक मालक होता? सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसरीचे. तरीही हमाल लढले आणि १९६९ साली कायदा झाला. मालकांनी मजुरीबरोबर ठराविक लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा व औषधोपचार यांची सोय करायची. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे लागू झाले, ते हाती भिंग धरणाऱ्याला का लागू होऊ नये? दुसरे उदाहरण वकिलांचे. त्यांना तर मालकच नाही. पण १९८१ च्या महाराष्ट्रातील कायद्याने वकिलांचा कल्याणनिधी उभा राहिला आणि वकीलपत्रावर त्याचे तिकीट लागू लागले. निधी तोच, पण कायद्याने भरलेला. म्हणून त्यावर सभासदाचा दावा चालतो.

तीच वाट येथे मोकळी आहे. प्रत्येक विकल्या गेलेल्या चष्म्यामागे विक्रेत्याने अल्पशी लेव्ही द्यावी, नोंदणीकृत व्यावसायिकाने वर्गणी भरावी, शासनाने आपला वाटा घालावा आणि मंडळावर कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. याचा बोजा गरीब रुग्णावर पडेल, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर मागणीतच असले पाहिजे. शासकीय कार्यक्रमातील मोफत चष्मे व स्वस्त चष्मे लेव्हीतून वगळावेत आणि ती महागड्या चौकटींवर व मोठ्या साखळी-दुकानांच्या उलाढालीवर बसवावी. सप्टेंबर २०२५ मध्ये चष्म्यांवरील जीएसटी ५ टक्क्यांवर आला. त्या सवलतीतील काही पैसे चष्मा बनविणाऱ्या व बसवून देणाऱ्या हातांकडे वळले, तर ग्राहकावर आकाश कोसळणार नाही.

हे शासनाला आपण होऊन सुचेल, अशी आशा कोणी बाळगू नये. माथाडी कायदाही कोणा मंत्र्याच्या करुणेतून जन्मला नव्हता. म्हणून आपल्या शाखांनी प्रथम आपापल्या तालुक्यातील चष्म्याच्या दुकानांत व नेत्ररुग्णालयांत जाऊन तेथील कामगारांची यादी करावी: कंत्राटावर किती, भविष्य निर्वाह निधीविना किती, रजेचा पगार कापला जाणारे किती. ही माणसे विखुरलेली आहेत, त्यांना संघटनेची सवय नाही आणि ‘आम्ही कामगार नव्हे, व्यावसायिक’ हा समज त्यांच्या मनात घट्ट बसविलेला आहे. तो वादाने जाणार नाही. एकाचे औषधपाणी अडले असता दुसरे दहा जण उभे राहतील तेव्हा जाईल. तोवर मदतनिधी असेल तेथे तो चालावा, नसेल तेथे काढावा. मात्र त्याच्या पावतीपुस्तकाबरोबरच मागणीपत्रावरही सही घेतली जावी.