वहीला शेपूट

गूगलचे नोटबुकएलएम २०२३ साली आले. आपण दिलेल्या कागदांवरूनच ते उत्तर देते. म्हणजे लातूर पॅटर्नचा आदर्श विद्यार्थीच! पण आम्हा नांदेडकरांना आयती वस्तू कधी पुरलीय? लगेच ब्राउझरला तिऱ्हाइतांच्या एक्स्टेंशनची शेपटं. एक पानं गोळा करणारं, दुसरं वह्या लावणारं. त्यातली काही बसवताना विचारतात, ‘सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू?’ आपण बिनदिक्कत ‘हो’! अहो, बँकेचा लॉकरसुद्धा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. इथे टिपणं लावायला आलेल्याला अख्ख्या घराची किल्ली? त्याच ब्राउझरात तुमचं बँकखातंही उघडतं, साहेब! क्रोममध्ये परवानगी एका संकेतस्थळापुरती देता येते. तेवढीच द्या. गडी वह्या लावायला ठेवलाय, पासबुक वाचायला नव्हे.