पुस्तक नाशवंत की टिकाऊ?

मुंबईच्या हुतात्मा चौकात, वीर नरिमन रस्त्याच्या फुटपाथवर जुनी पुस्तके विकणारे एक चाचा दुकान मांडण्याआधी तीन गोष्टी बघतात. आभाळ, पेपर आणि रस्त्याच्या टोकाला अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी उभी आहे का ते. क्रम रोज बदलतो. पावसाळ्यात आभाळ आधी. कुणा बड्या पाहुण्याचा दौरा असला की पेपर आधी, कारण पाहुणे येणार म्हणजे फुटपाथ साफ होणार, हे त्यांना मथळ्यावरूनच कळते.

पेपरवर त्यांचा विश्वास आहे, पण बेताचा. २६ जुलै २००५ ची गोष्ट ते दर पावसाळ्यात काढतात. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. फाउंटनचा माल वाचला. कुर्ल्याच्या खोलीत खाटेखाली ठेवलेला मात्र लगदा झाला. तेव्हापासून ते म्हणतात, शहरात किती पडला ते सांगू नका, माझ्या ताडपत्रीवर किती पडला ते बोला.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे सगळे ऋतू त्यांनी रोज्यात पाहिले आहेत. २०१५ ला तो पावसाळ्यात होता, २०१९ ला मेच्या उन्हात. आता थंडी सरता सरता येतो. चाचांच्या मते रोजा सोपा झाला, धंदा अवघड झाला.

गिऱ्हाइकांवर त्यांचा राग नाही. मुखपृष्ठाचा फोटो काढून मोबाइलवर किंमत ताडून निघून जाणाऱ्यावरही नाही; निदान पुस्तक हातात तरी घेतो, म्हणतात. हायकोर्टातले वकील घासाघीस करतात, विद्यार्थी उभ्यानेच अर्धे प्रकरण वाचून काढतात.

पण अलीकडे विकत घेणाऱ्यांपेक्षा विकायला येणारे जास्त. मागच्या आठवड्यात एक कॉलेजातला मुलगा आजोबांची पत्र्याची ट्रंक टॅक्सीत घालून घेऊन आला. सगळी पुस्तके उर्दू, आणि त्याला ती लिपी येत नाही. रद्दीवाल्याकडे द्यायची भीती वाटत होती, कारण यातले दीनी कुठले आणि कादंबरी कुठली, हेच कळत नव्हते. त्याच्या लेखी उजवीकडून डावीकडे लिहिलेले सगळेच पवित्र! चाचांनी असरनंतर बसून ढीग वेगळे केले. दीनी किताबे मशिदीत द्यायला सांगितली. तीन जासूसी नॉव्हेल, हिकमतीचे एक पुस्तक, दूधवाल्याच्या हिशेबाची वही. तळाशी श्रीपाद जोशी आणि गोरेकर यांचा उर्दू-मराठी शब्दकोश निघाला. तो तिथेच उभ्या असलेल्या एका निवृत्त कारकुनाने उचलला. हे गृहस्थ गझला देवनागरीतून वाचतात आणि प्रत्येक तिसऱ्या शब्दाला अडतात. मुलाने हिशेबाची वही तेवढी परत नेली.

ही निवड करून देणारा माणूस ग्रंथालयात भेटत नाही, ऑनलाइन तर नाहीच. तो फुटपाथवर आहे, आणि तिथे त्याचे स्थान काय, हा प्रश्न २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने बऱ्यापैकी सोडवला आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला हटवायचे नाही, असे त्यात स्पष्ट आहे. माल जप्त केला तर यादी करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायची. विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी सोडायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत.

भाजी नाशवंत, मासळी नाशवंत. पुस्तक अर्थातच दुसऱ्या रकान्यात जाते. हा रकाना ठरवणाऱ्याने उघड्या गाडीत फेकलेला, वर हातगाडी आणि लोखंडी स्टॉल पडलेला पुस्तकांचा गठ्ठा पाहिला नसावा. शिवण उसवली, पाने ओली झाली, की ते पुस्तक कोथिंबिरीच्या जुडीइतकेच संपते. आणि यादी? चारशे पुस्तकांची नावे लिहीत कोण बसणार? ‘जुनी पुस्तके, एक ढीग’ एवढेच लिहिले जाणार. मग ढिगातून काय गेले, याचा दाद मागण्याजोगा पुरावाच उरत नाही.

फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, हेही खरे. गुडघाभर पसरलेल्या ढिगाला अडखळणारी म्हातारी खोटी तक्रार करत नाही. त्यावर आखलेली जागा आणि ठरलेली रुंदी हा उपाय कायद्यातच आहे. ज्या नगर पथविक्रेता समितीने तो अमलात आणायचा, तिच्यात चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असायला हवेत. शहरांनी तेवढे करावे. आणि नियमावलीत एक ओळ घालावी, की जप्त झालेली पुस्तके झाकून न्यावीत आणि भाजीबरोबर त्याच दिवशी परत द्यावीत. याला पैसा लागत नाही.

चाचांच्या गल्ल्याच्या डब्यात सेहरी-इफ्तारचे छापील वेळापत्रक असते. रहदारीत अजान ऐकू येत नाही, म्हणून शेजारचा पुस्तकवाला ते बघून हाक मारतो. चाचा खजूर तोंडात टाकतात, पाणी पितात, आणि दुसऱ्या हाताने ताडपत्रीची दोरी आवळायला घेतात.