भिंत पाडाल, पण ओट्यापाशी कोण?

घराचं रिनोव्हेशन काढायचं ठरलं की आई-बाबा बजेट बघतात आणि आपण रील्स. मग फॅमिली ग्रुपवर फोटो आपणच टाकतो. हॉल, डायनिंग, किचन सगळं एकत्र, मध्ये भिंत नाही, पांढराशुभ्र ओटा आणि त्यावर लिंबांनी भरलेला एक बाऊल. खाली लिहितो, ‘आपणही असंच करू या ना!’

हल्ली घरात या बाबतीत आपलं मत ऐकलं जातं, म्हणून हे तुम्हालाच सांगायचंय. ओपन किचन जरूर मागा. पण त्या फोटोंमध्ये फोडणी कधीच दिसत नाही, आणि फोडणी घालणारं माणूसही.

एकाच जागेत सगळं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीच. मुंबईतल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. स्वयंपाक, जेवण, पाहुणे, अभ्यास, झोप सगळं तिथेच. ते हौसेनं नव्हतं, जागाच तेवढी होती. अशा खोलीत आयुष्य काढलेल्यांसाठी वेगळं स्वयंपाकघर हे स्वप्न होतं. त्यामुळे भिंत पाडायला आजी नाही म्हणत असेल, तर तिला लगेच ‘जुन्या विचारांची’ ठरवू नका. आधी कारण विचारा.

वेगळ्या स्वयंपाकघराचीही एक गोष्ट आहे. १९२६मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी एक छोटंसं किचन डिझाइन केलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बाईची पावलं आणि वेळ वाचावा हा हेतू, आणि सगळं हाताशी. अशी सुमारे दहा हजार किचन्स बसवली गेली. पुढे त्यावर टीका झाली ती अशी, की त्या चिंचोळ्या जागेत दुसरं माणूस मावतच नाही, म्हणजे बाई एकटी पडते.

भिंत पाडण्यामागचा खरा मुद्दा हाच आहे. बाहेर गप्पा रंगल्यात आणि आत कुणीतरी एकटंच पोळ्या लाटतंय, हे थांबायला हवं. पण नुसती भिंत पाडून ते थांबेल? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या बायका होत्या शंभरात ८१ आणि पुरुष फक्त २६. त्यातही बायकांचा वेळ सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. भिंत गेली आणि वाटणी तीच राहिली, तर एवढंच होईल की राबणारी बाई आता सोफ्यावरून दिसेल. वर सिंकमधली खरकटी भांडीही पाहुण्यांना दिसणार, म्हणून ओटा सतत चकाचक ठेवायचं काम वाढणार. ते कुणाच्या वाट्याला येणार, हे सांगायला नको.

म्हणून डिझाइनरकडे जाताना फोटोंसोबत काही प्रश्नही घेऊन जा. सध्याचा ओटा बहुतेक भिंतीला किंवा खिडकीला लागून असेल. तो तसाच ठेवला तर भिंत पडूनही स्वयंपाक करणाऱ्याची पाठच हॉलकडे राहील. गॅस खिडकीपाशी राहू दे, पण भाजी चिरायला, कणीक मळायला हॉलकडे तोंड करून उभं राहता येईल असा एक ओटा मागा. दोघांना एकमेकांना न धडकता वावरता यायला हवं.

चिमणीचा पाइप घराबाहेर निघतोय ना, ते बघा. नाहीतर मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट सोफ्यापर्यंत. हॉलमधल्या पंख्याचा वारा गॅसच्या ज्योतीला लागणार नाही ना? गळती झाली तर सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो, पाइपनं येणारा हलका म्हणून छताकडे जातो. हवा खेळती ठेवायची सोय त्यानुसार हवी. कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरच्या घरघरीत ऑनलाइन लेक्चर ऐकायचंय, हेही लक्षात असू दे. मध्ये काचेचं सरकतं दार लावलं तर यातलं बरंच सुटतं.

आणि सगळ्यात आधी, ती भिंत पाडता येते का? जुन्या लोड-बेअरिंग इमारतीत भिंतीच वरचा भार पेलतात. आरसीसी इमारतीत भार कॉलम आणि बीमवर असतो, तरी स्ट्रक्चरल इंजिनीअरनं पाहिल्याशिवाय आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय हातोडा नकोच.

एवढं झालं की शेवटची अट स्वतःलाच घाला. मत देण्याआधी आठवडाभर रोज एक वेळचा स्वयंपाक आहे त्या किचनमध्ये तुम्ही करा. मुलगा असा की मुलगी. मॅगी धरायची नाही. भाजी, पोळी, वरण-भात आणि मागचं आवरणंसुद्धा. कुठे वाकावं लागतं, कुठे घाम येतो, कुठला डबा हाताला लागत नाही, हे सात दिवसांत कळेल. मग घरात जे माणूस रोज तिथे उभं असतं, त्याला विचारा, ‘तुला काय हवंय?’ उत्तर कदाचित ‘भिंत राहू दे’ असंही येईल. रोजची चार तास धावपळ झाल्यावर दार लोटून पाच मिनिटं निवांत चहा प्यायची ती एकच जागा असू शकते.

ते उत्तर आलं, तर फोटो डिलीट करा आणि भिंत राहू द्या. ओट्यापाशी मात्र जा. तिथे जायला भिंतीची अडचण कधीच नव्हती.